रात्रीची शांतता : एक गोंगाटी अभ्यास

शांतता ही मोजता येणारी गोष्ट आहे आणि ती डेसिबल नावाच्या एककात, म्हणजे आवाजाची तीव्रता सांगणाऱ्या मापात, मांडता येते असे ध्वनिशास्त्र मानते. परंतु अंथरुणावर पडलेला माणूस या शास्त्राला जुमानत नाही. ज्या गोंगाटात त्याचे बालपण गेले तो गोंगाट म्हणजे शांतता, आणि त्याहून वेगळा कोणताही आवाज, मग तो वाळलेले पान हलल्याचा का असेना, म्हणजे झोपमोड, अशी त्याची सरळ विभागणी असते. ही विभागणी पडताळून पाहण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. एका खेड्यात जन्मलेला आणि तेथे ढाराढूर झोपणारा मनुष्य सातासमुद्रापलीकडच्या दुसऱ्या खेड्यात नेऊन ठेवावा आणि रात्री दोन वाजता त्याच्या खोलीत दिवा लागलेला आहे काय, एवढे पाहावे. दिवा हमखास लागलेला असतो. प्रस्तुत विवेचनासाठी पहिले खेडे म्हणून बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा आणि दुसरे म्हणून अमेरिकेच्या आयोवा राज्यातील, मक्याच्या शेतांनी वेढलेले कोणतेही एक लहान गाव घेतले आहे. दोन्हीकडे शेती आहे, दोन्हीकडे आभाळ मोकळे आहे, आणि दोन्हीकडचे लोक पाहुण्याला पहिल्याच भेटीत एकच वाक्य ऐकवतात : "आमच्याकडे रात्री अगदी शांत असतं."

साखरखेर्डा हे सिंदखेड राजा तालुक्यातील, म्हणजे जिजाऊंचे जन्मस्थान असलेल्या तालुक्यातील, मोठे गाव होय. इतिहासाच्या पुस्तकांत ते शकरखेडा या नावाने येते, कारण ऑक्टोबर १७२४ मध्ये येथे निजाम-उल्-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिझ खान यांच्यात लढाई झाली, तीत मुबारिझ खान मारला गेला, निजामाचा दख्खनेतील अंमल पक्का झाला आणि विजयाच्या आनंदात गावाचे नाव बदलून फतेहखेर्डा ठेवण्यात आले. गावाने ते नाव फारसे मनावर घेतले नाही. त्या तोफांनी कोणाकोणाची झोप मोडली हे इतिहासकारांनी विचारात घेतलेले नाही, कारण इतिहासकारांना लढाईच्या निकालात रस असतो. तथापि ज्या गावाने असल्या आवाजात दिवस काढले, त्या गावाचे कान किरकोळ गोष्टींनी विचलित होत नसावेत, असा तर्क करण्यास हरकत नाही.

या गावची शांत रात्र दहाच्या सुमारास सुरू होते, म्हणजे देवळातले भजन संपून भजनकऱ्यांची आपसांतली चर्चा सुरू होते. चर्चा भजनाहून वरच्या पट्टीत चालते, कारण भजनात सूर सांभाळावा लागतो आणि राजकारणात लागत नाही. ती ओसरते न ओसरते तोच कुत्र्यांची सभा भरते. वेशीवरच्या कुत्र्याने काढलेला मुद्दा बसस्थानकावरचे कुत्रे उचलून धरते, त्याला बाजारातले दोघे विरोध करतात, आणि मूळ मुद्दा काय होता हे पहिल्या कुत्र्यासकट सगळे विसरून गेल्यावरही सभा तहकूब होत नाही. शिवारात टिटवी असते. हा पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतो, त्यामुळे जवळून जाणारा प्रत्येक प्राणी आपल्या अंड्यांसाठीच आलेला आहे असे त्याचे ठाम मत असते आणि ते तो रात्रीबेरात्री साऱ्या शिवाराला ऐकवतो. टिटवी ओरडली की काहीतरी वाईट घडते असा समज आहे. टिटवी रोज ओरडत असल्याने आणि जगात रोज काहीतरी वाईट घडतच असल्याने, हा समज आजवर कोणालाही खोडून काढता आलेला नाही.

यानंतर मोटारींचा क्रम लागतो. थ्री-फेज वीज, म्हणजे विहिरीवरचा पंप फिरवण्यासाठी लागणारा पुरवठा, शेतकऱ्याला अनेक वर्षे काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री अशा पाळीने मिळत आलेली आहे. मध्यरात्री वीज आली की मोटारीला जोडलेला मोबाइल स्टार्टर मालकाला आपण होऊन फोन करतो. फोनवर लावलेले भक्तिगीत पूर्ण आवाजात वाजू लागते. ज्याच्यासाठी फोन आला तो सोडून घरातले सगळे उठतात. आणि मग "लाइट आली रे" ही हाक गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, ज्यांच्याकडे विहीरच नाही त्यांनाही जागे करीत जाते. ज्यांना पाणी द्यायचे नसते ते जागलीला गेलेले असतात. जागल म्हणजे उभ्या पिकाची रात्रीची राखण. रोही (म्हणजे नीलगाय), हरीण आणि रानडुक्कर यांच्यापासून सोयाबीन, तूर व हरभरा वाचवणे हा तिचा हेतू. पूर्वी जागल्या स्वतः आरोळ्या देई आणि पत्र्याचा डबा बडवी. आता त्या कामासाठी भोंगा मिळतो, ज्यात माणसाच्या आरोळ्या आणि कुत्र्याचे भुंकणे आधीच भरून ठेवलेले असते. रोही या भोंग्याला चार दिवसांत सरावतात आणि त्याच्याच शेजारी उभे राहून हरभरा खातात. गावातली खरी कुत्री मात्र सरावत नाहीत, ती भोंग्यातल्या कुत्र्याला रात्रभर उत्तर देत राहतात, आणि भोंग्यातले कुत्रे आपल्या भूमिकेवरून तसूभरही हलत नसल्यामुळे हा वाद मिटण्याचे कोणतेही चिन्ह दिसत नाही. या सर्वांच्या तळाशी रातकिड्यांचा अखंड स्वर असतो, जो फक्त नर काढतो, पुढचे पंख एकमेकांवर घासून काढतो आणि मादीला बोलावण्यासाठी काढतो. सकाळी कोणी विचारले की झोप कशी लागली, तर उत्तर येते : "अशी लागली, की कूस बदलली नाही."

आता या गावातल्या एका घरातील चिरंजीव परदेशी गेले असे धरावे. येथे 'चिरंजीव' ही संज्ञा त्या प्रत्येक तरुणासाठी योजली आहे, ज्याच्याविषयी गावाकडे "आमचे चिरंजीव अमेरिकेत असतात" असे सांगितले जाते आणि ऐकणारा न्यूयॉर्कचे चित्र डोळ्यांसमोर आणतो. प्रत्यक्षात चिरंजीवांना नोकरी आयोवातल्या एका कारखान्यात लागलेली असते, गावात दुकान एक आणि चर्च तीन असतात, आणि घराच्या मागच्या दारापासून मका सुरू होतो तो पुढच्या गावाच्या पुढच्या दारापर्यंत जातो. पहिल्या रात्री चिरंजीव खिडक्या लावून आडवे होतात आणि ताबडतोब टक्क जागे होतात. या अवस्थेचा शास्त्रीय खुलासा उपलब्ध आहे. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली असे दाखवून दिले की, अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्या भागाइतका गाढ झोपत नाही आणि वेगळा आवाज आला की लगेच दखल घेतो. म्हणजेच चिरंजीवांचा अर्धा मेंदू झोपलेला असतो आणि अर्धा जागलीला बसलेला असतो. आयोवात उन्हाळी वेळेनुसार रात्रीचे दोन वाजले की साखरखेर्ड्यात दुपारचे साडेबारा झालेले असतात, त्यामुळे फोन जेवणाच्या वेळी जातो.

"कामून रे, झोपला नाही का अजून?"

"झोप नाही येऊ राह्यली, बाबा."

"कशाचा आवाज येऊ राह्यला?"

"कशाचाच नाही."

"मंग झोप ना."

"म्हणून तर येत नाही."

दुसऱ्या रात्रीपासून ही उणीव भरून निघू लागते. तिकडची घरे लाकडी सांगाड्यावर उभी असतात. दिवसा तापलेले लाकूड रात्री गार होताना आकसते आणि सांध्यासांध्यांतून कुरकुरते, तर खोल्यांत गरम हवा सोडणारे पत्र्याचे चौकोनी नळ तापताना आतून ठोके देतात. दगडमातीच्या भिंतींत वाढलेल्या माणसाला घर स्वतःहून बोलू शकते ही कल्पनाच नसते. त्यामुळे चिरंजीव मायने पोळपाटाबरोबर दिलेले लाटणे हातात घेऊन सर्व खोल्या तपासतात, चोर नसल्याची खात्री करतात, आणि मग चोर नाही तर हे कोण, या अधिक गंभीर प्रश्नाकडे वळतात. हा प्रश्न फोनवरून गावी गेल्यावर माय अंगारा पाठवण्याची तयारी करते. पोस्टाने पाठवलेली राख परदेशातील कस्टम अधिकाऱ्यांना कशी समजावून सांगावी, यावर घरात दोन दिवस विचारविनिमय चालतो.

तथापि खरा कसोटीचा प्रसंग स्मोक अलार्मचा. हे छताला लावलेले वाटोळे यंत्र धूर झाल्यास किंचाळते. मराठी कुटुंबांत ते मोहरीच्या फोडणीचे हाडवैरी म्हणून प्रसिद्ध आहे. त्याची बॅटरी संपत आली की ते दर मिनिटाला वगैरे एकदाच 'टिक्' किंवा 'चिर्र' करते, आणि हे बहुधा पहाटेच करते, कारण घर गार पडले की बॅटरीचा दाब आणखी उतरतो. चिरंजीवांना हा आवाज ऐकून भरून येते. आयोवातही रातकिडा निघाला, तोही घरात, या आनंदात ते काही वेळ पडून राहतात; मग आनंद ओसरतो आणि ते त्याला गप्प करण्यास उठतात. रातकिड्याला गप्प करण्याची साखरखेर्ड्याची रीत म्हणजे जमिनीवर पाय आपटणे, कारण जमिनीचा कंप कळताच किडा थांबतो. चिरंजीव पाय आपटतात. किडा थांबत नाही. ते फ्रिज सरकवतात, गालिचा उचलतात, सिंकखाली टॉर्च मारतात, आणि प्रत्येक वेळी आवाज नुकत्याच तपासलेल्या खोलीतून येतो. यालाही कारण आहे. आवाज कोठून आला हे माणूस दोन कानांपर्यंत पोचण्याच्या वेळेतील आणि जोरातील फरकावरून ओळखतो. परंतु सेकंदाला तीन हजार कंपनांच्या आसपासचा आखूड, तीक्ष्ण स्वर असा असतो की त्यात हे दोन्ही फरक नीट कळत नाहीत, आणि यंत्राचा स्वर नेमका त्याच टापूतला असतो. शेवटी खरा गुन्हेगार छताला सापडला, तरी घरात अशी यंत्रे चार-पाच असतात व पहिल्यांदा हमखास चुकीचे काढले जाते. बरोबर निघालेले यंत्र चादरीत गुंडाळले तरी बोलते, कपाटात कोंडले तरी बोलते, आणि गाडीच्या डिकीत नेऊन ठेवले तर डिकीतून बोलते. सकाळी कचेरीत पोचल्यावर सहकारी विचारतो, "तुमच्या गाडीत काही जिवंत आहे का?"

हिवाळ्यात, विशेषतः जानेवारी-फेब्रुवारीत, तांबड्या कोल्ह्यांचा विणीचा हंगाम येतो आणि कोल्हीण जी किंकाळी मारते ती बाईच्या किंकाळीशी इतकी जुळते की, इंग्लंड-अमेरिकेत ती ऐकून पोलिसांना फोन करणारे लोक आढळतात. चिरंजीव पोलिसांऐवजी शेजारच्या वृद्ध शेतकऱ्याचे दार वाजवतात.

"कोणीतरी मदतीसाठी ओरडते आहे," ते सांगतात.

"कोल्हीण आहे. तिला मदत नको, नवरा हवा आहे," म्हातारा म्हणतो आणि दार लावतो.

पाठोपाठ कायोटींची, म्हणजे कोल्हा-लांडग्याच्या कुळातील तिकडच्या प्राण्यांची, कोल्हेकुई सुरू होते. हे प्राणी दोनच असले तरी स्वर असे भराभर बदलतात की ऐकणाऱ्याला दहा-बारांची टोळी आल्याचा भास होतो, आणि चिरंजीव दुसऱ्या दिवशी फोनवर तो आकडा पंचवीस सांगतात.

रेल्वेच्या बाबतीत तर नियतीने त्यांच्यावर विशेष कृपा केलेली असते. खामगाव–जालना या रेल्वेमार्गाची मागणी इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली असून तिच्या आशेवर बुलढाणा जिल्ह्यातील पिढ्या म्हाताऱ्या झाल्या; त्या मार्गावर गाडीची शिट्टी काही त्यांनी ऐकली नाही. ती शिट्टी चिरंजीव आयोवात वसूल करतात. अमेरिकेच्या संघराज्य नियमानुसार सार्वजनिक फाटकाजवळ येताना इंजिनाने १५ ते २० सेकंद आधी दोन लांब, एक आखूड आणि पुन्हा एक लांब असा भोंगा वाजवावा लागतो, आणि त्याची तीव्रता ९६ ते ११० डेसिबल असावी लागते. मालगाडी रात्री तीनला येते, गावात फाटके चार असतात, आणि चिरंजीव प्रत्येक फाटकाला अंथरुणावर उठून बसतात. हे ऐकून गावाकडचे एक काका हळहळतात, ते निराळ्याच कारणाने : "घराजवळून गाडी जाते म्हंता, अन् वरून कुरकुर करता!"

शरद ऋतूत मका निघाला की तो वाळवण्याच्या लोखंडी कोठारांचे पंखे सुरू होतात आणि आठवडेच्या आठवडे रात्रंदिवस घुमत राहतात. याच दिवसांत एका संध्याकाळी शेजारचा म्हातारा कुंपणापाशी येतो, पंख्यांच्या वरताण आवाज काढून या गावच्या शांततेची तारीफ करतो, आणि मग संकोचून मुद्द्यावर येतो. रात्री दोन वाजता तुमच्या घरातून कोणीतरी मोठ्याने ओरडत असते, सर्व काही ठीक आहे ना, एवढेच त्याला विचारायचे असते. बारा-तेरा हजार किलोमीटरवरच्या माणसाशी बोलायचे तर आवाजही तेवढ्याच ताकदीने सोडला पाहिजे, अशी मराठी माणसाची फोनविषयीची श्रद्धा आहे. कोल्हीण, मालगाडी आणि पंखे यांना पचवून झोपणाऱ्या त्या गावाची झोप एकाच आवाजाने मोडत असते, आणि तो चिरंजीवांच्या गाऱ्हाण्याचा असतो.

पुढल्या वर्षी आईवडील भेटीला येतात, तेव्हा अभ्यासाला नवे वळण मिळते. माय पहिली रात्र "माणसाचा आवाजच नाही बाई इथं" असे म्हणत बसून काढते. बाबा मात्र पडल्या पडल्या घोरू लागतात, कारण कोठारांच्या पंख्यांची घरघर त्यांना ओळखीची वाटते; कोणाची तरी मोटार चालू आहे, पाणी चालू आहे, पिकाची काळजी नाही, असा त्यांच्या कानांचा हिशेब असतो. पहाटे चारला मका वाळून पंखे बंद पडतात. त्या क्षणी बाबा ताडकन उठून बसतात आणि विचारतात, "लाइट गेली का रे?"

चार-पाच वर्षांनी चिरंजीव सहकुटुंब गावी येतात, तोवर त्यांचे कान आयोवाचे झालेले असतात. आता कुत्री सहन होत नाहीत, भोंगा सहन होत नाही, आणि शेजारच्या काकूंचा कोंबडा तर मुळीच सहन होत नाही. कोंबडा सूर्य पाहून आरवतो ही समजूत जपानच्या नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली दुरुस्त केली : सतत मंद प्रकाशात ठेवलेले कोंबडेही आपल्या शरीरातील घड्याळानुसार पहाटेच्या आधीच आरवतात. त्याच संशोधकांना पुढे असेही दिसले की, कळपात पहिला आरव सर्वांत वरचढ कोंबड्याचा असतो आणि बाकीचे मानपानाच्या क्रमाने त्याच्यामागून आरवतात. ग्रामपंचायतीच्या सभेला हजर राहिलेल्या कोणालाही हे संशोधनाविना ठाऊक होते. चिरंजीव काकूंना कोंबडा रात्री टोपलीखाली झाकून ठेवण्याची विनंती करतात. काकू म्हणतात, "त्याला घड्याळ कळत नाही, बापू. तुला कळतं ना, मंग तूच कानात बोळे घालून झोप."

काकूंची ही भूमिका आंतरराष्ट्रीय कायद्याच्या प्रवाहाशी सुसंगत आहे. फ्रान्समधील ओलेराँ बेटावर मोरिस नावाच्या कोंबड्याविरुद्ध, सुट्टीपुरते तेथे येणाऱ्या शेजाऱ्यांनी आवाजाचा दावा लावला होता. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने कोंबड्याच्या बाजूने निकाल दिला, आणि जानेवारी २०२१ मध्ये फ्रान्सने ग्रामीण भागातील आवाज व वास हा त्या भागाचा वारसा मानणारा कायदाच केला. चिरंजीव फ्रान्सचे नागरिक नसल्याने त्यांच्यावर हा निकाल बंधनकारक नसतो, तथापि काकूंवर त्यांचे काही चालतही नाही. म्हणून ते खोलीची खिडकी घट्ट लावतात आणि मोबाइलवर दरमहा पैसे भरून घेतलेले झोपेचे अॅप सुरू करतात. अॅपमधून रातकिड्यांचा आवाज येऊ लागतो. बाबा दाराशी येऊन थांबतात.

"बाहेर फुकट चालू हाय ना रे हे."

"बाहेरचा कमी-जास्त करता येत नाही, बाबा."

बाबा काही बोलत नाहीत. अॅपमधल्या किड्यांना ते बराच वेळ लक्ष देऊन ऐकतात आणि "हे आपल्याकडले नाहीत" असा निर्णय देऊन झोपायला जातात. दहा मिनिटांत भिंतीपलीकडून त्यांचे घोरणे सुरू होते, ज्याची तक्रार चिरंजीव सकाळी करतात, आणि त्याच वेळी चिरंजीवांच्या घोरण्याची तक्रार त्यांची पत्नी करते. दोन्ही आरोपी आरोप साफ नाकारतात.

या संपूर्ण विवेचनातून निघणारा निष्कर्ष असा की, रात्री ऐकू न येणारा एकच आवाज जगात आहे आणि तो ज्याचा त्याचा स्वतःचा. भारतात २००० साली झालेल्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. जोरकस घोरणे ती सहज ओलांडते, परंतु त्या नियमांत घोरण्याचा उल्लेख नाही. तेव्हा शेजाऱ्याच्या कोंबड्याविरुद्ध, परगावच्या रेल्वेविरुद्ध किंवा परदेशातल्या कोल्हिणीविरुद्ध ज्यांना अर्ज करावयाचा असेल, त्यांनी अर्जावर सही करण्यापूर्वी शेजारच्या अंथरुणावरील व्यक्तीची साक्ष घ्यावी. बहुतेक अर्ज तेथेच निकालात निघतात.